न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्या

गाडीच्या बॉनेटवर तो तळवा ठेवत नसे. हाताची मागची बाजू टेकवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. बॉनेट गार लागलं की मालक यायची वेळ झाली.

कुठल्याच गाडीला तो टेकत नसे. पाय भरून आले तर फुटपाथच्या कडेला बसायचा.

बोलताना माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचा.

लाल फडका खांद्यावर असला म्हणजे काम चालू. कमरेला खोचला म्हणजे जेवण. जेवायचं उभ्यानेच, भिंतीला पाठ लावून, गल्लीची दोन्ही टोकं दिसतील असं.

सगळ्यांना तो 'हेफे' म्हणायचा, म्हणजे साहेब. लॅबमधल्या डॉक्टरला, पावाच्या व्हॅनवाल्याला, कोपऱ्यावरच्या तोमासाच्या कुत्र्यालाही.

रात्री घरी गेल्यावर तो बूट उंबऱ्याबाहेर ठेवायचा, टाचा दाराकडे करून. सकाळी घालायला सोपे जातात म्हणायचा.

आणि क्रिस्पिन ओल्मेदोला गाडी चालवता येत नव्हती.

कार्दोनेस गल्लीत त्याची पत त्यावरच उभी होती. "ज्याला चालवता येत नाही तो पळवणार काय, डोंबल?" तोमासा गिऱ्हाइकांना सांगायची. ती कोपऱ्यावर निळ्या मक्याच्या जाड भाकऱ्या भाजायची, आत घेवडा भरून. "खांद्यावर घालून नेली तरच. आणि त्याचा खांदा बघा, माझी परात उचलेना त्याला."

"तुझी परात कोणालाच उचलेना, तोमासा," क्रिस्पिन म्हणायचा. "तीन पिढ्यांची काजळी आहे तिच्यावर."

मेक्सिको शहरातल्या जुन्या गल्ल्या अशाच, गाड्या येण्याआधी बांधलेल्या. गल्लीत रक्त-लघवी तपासायची लॅब होती. सकाळी लोक उपाशीपोटी यायचे, हातात कागदात गुंडाळलेली बाटली, कपाळाला आठ्या. फुटपाथला लागून गाड्यांची एक रांग लागायची. ती भरली की तिला चिकटून बाहेरून दुसरी. बाहेरच्या रांगेत लावणाऱ्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, हँडब्रेक सोडायचा, चाकं सरळ करायची आणि दार लावून निघून जायचं. किल्ली आपल्या खिशात. आतल्या कुणाला निघायचं झालं की क्रिस्पिन बाहेरच्या गाड्या खांद्याने पुढेमागे सारायचा आणि फट करून द्यायचा. मग मागे उभा राहून फडका हलवायचा. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. बास." डिकीवर दोन थापा. मालक काच खाली करून नाणं द्यायचा.

एवढंच काम. पण दिवसभर माणसं आपली गाडी मोकळी सोडून जात, आणि मागे वळून बघत नसत.

एर्मिनिया साराते लॅबच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिवायची. तिला मात्र क्रिस्पिनसकट सगळे 'दोन्या' म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे, एवढे घेरदार की एक झगा गाडीची अख्खी मागची सीट खायचा. तिची फिकट हिरवी गाडी म्हणजे तिचं चालतं दुकान. माप घ्यायला, फिटिंगला, पोचवायला ती गाडीतूनच जायची. फेब्रुवारीत एका सकाळी ती साखर तपासायला लॅबमध्ये गेली. तेल लावून केस बसवलेला एक माणूस बाहेर आला. डाव्या कोपराच्या आत कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

"तुम्हीच क्रिस्पिन ना?" तो घाईत म्हणाला. "दोन्या एर्मिनियाचा भाचा मी. मावशीला चक्कर आली. दिवसभर सुया टोचते आणि एक सुई बघून आडवी झाली. गाडी दारापाशी लावायची आहे."

त्याच्या हातात किल्ली होती. क्रिस्पिनने हातांकडेच पाहिलं. किल्ली तिची होती, चिंधीचं फूल लावलेली. आणि एर्मिनिया सुईला घाबरते, हेही खरंच होतं. गल्लीत यावरून तिला सगळे चिडवायचे.

क्रिस्पिन धावला. बाहेरच्या गाड्या त्याने धाप लागेपर्यंत ढकलल्या. पावाची व्हॅन येत होती, तिला हात करून थांबवलं. येऊ द्या, येऊ द्या. गाडी सुरेख बाहेर निघाली. माणसाने नाणं दिलं, "देव भलं करो, हेफे," म्हणाला.

लॅबचं दार डावीकडे होतं. गाडी उजवीकडे वळली.

मग एर्मिनिया बाहेर आली. कोपरात कापूस धरून, पर्समध्ये हात घालून चाचपत. चक्करबिक्कर काही आली नव्हती. आत नर्सने तिचं नाव पुकारलं होतं, सुईवरून थट्टा केली होती, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने दोन्ही ऐकलं होतं. ती सुईकडे बघत असताना पर्समधली किल्लीही त्यानेच काढली होती.

"भाचा म्हणाला?" तिने विचारलं. "मला बहीण कुठे आहे रे, क्रिस्पिन? आणि साराते सगळे उत्तरेत मेले. तुला सांगितलंय मी हे. दहादा सांगितलंय."

सांगितलं होतं. त्या क्षणी आठवलं नव्हतं.

पोलीस आला, त्याने फक्त क्रिस्पिनलाच प्रश्न विचारले. गल्ली ऐकत उभी होती. बेर्मूदेस वकील तळमजल्यावर राहायचा. तो सपाता घालून बाहेर आला आणि पोलीस गेल्यावर बोलला. त्याचा आवाज चढत नसे, म्हणून जास्त लागायचा.

"ज्याने वाट काढून दिली त्याला चोर म्हणायचं की नाही, ते कायदा बघेल. पण त्याला राखणदार कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

"हेफे, त्याच्याकडे किल्ली होती."

"किल्ली होती. मग तू कशाला आहेस? किल्ली नसती तर गाडी तशीही गेली नसती." वकिलाने सपाता झटकल्या. "आणखी एक गाडी गेली, क्रिस्पिन, की तो फडका घडी कर आणि दुसरी गल्ली बघ."

दुसरी गल्ली नसते. प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी फडका घेऊन उभा असतो, आणि तो आपली जागा सोडत नाही. क्रिस्पिनच्या आधी या गल्लीत त्याचा चुलता उभा राहायचा. क्रिस्पिनने मान हलवली. त्या रात्री त्याला झोप लागली असेल असं कुणाला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून एक म्हातारा निघाला. त्याची गाडी आतल्या रांगेत होती. क्रिस्पिनने बाहेरच्या गाडीला खांदा लावला.

गाडी हलली नाही.

त्याला वाटलं, चाकाखाली दगड आला. वाकून पाहिलं, दगड नव्हता. पुढच्या गाडीला खांदा लावला. तीही तशीच. तिच्या पुढचीही. हँडब्रेक ओढलेले होते. कुणी कुणाशी बोलून ठरवलं नसावं. ज्याने त्याने गाडी लावली, आणि उतरायच्या आधी हात आपसूक ब्रेककडे गेला.

म्हातारा अडकून बसला. मालकांना शोधायला क्रिस्पिन दारोदार फिरला. ते एकेक करत आले, गाडी पुढे घेतली, कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त तोमासा म्हणाली, "तोंड का पाडलंस? गाड्या रुसल्यात, बायका नाही."

"बायका रुसल्या तर कळतं तरी का ते."

"तुला तेही कधी कळलं नाही. विचार तुझ्या बायकोला." मग तिने गरम भाकरी कागदात गुंडाळून दिली, आणि त्याने ती खाल्ली नाही.

त्या दिवसापासून त्याला एक नवा चाळा लागला. नवी गाडी आली, मालक दिसेनासा झाला, की क्रिस्पिन तिच्या मागे जाऊन एका बोटाने हळूच रेटून बघायचा. नाही. पुढची. नाही. तो मिळकतीचं बोलत नसे. मिळकत निम्म्यावर आली होती, त्याच्या बायकोने तोमासाकडे उधारी सुरू केली होती, पण तो त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. "आज व्हॅन हलली," एवढंच घरी सांगायचा. पाववाल्याने पहिल्यांदा ब्रेक सोडला. मार्चमध्ये लॅबच्या बाईने सोडला. मग शाळेच्या ड्रायव्हरने. गल्ली हळूहळू सैल पडत होती, आणि क्रिस्पिन ते बोटाने मोजत होता.

एर्मिनियाने नाही सोडला. तिने जावयाची तपकिरी गाडी आणली होती. लावताना तिने काच खाली केली.

"माझा तुझ्यावर राग नाही हं, क्रिस्पिन."

"ठाऊक आहे, दोन्या."

"पण जावयाची आहे रे. जावयाचं काय असतं, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

ब्रेकचा कर्रर्र आवाज त्याने ऐकला. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

एप्रिलच्या शेवटी शाळकरी पोरांनी वकिलाच्या करड्या गाडीवर खिळा ओढला. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत लांब ओरखडा. क्रिस्पिन पोरांच्या मागे धावला होता, पण त्याच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. आता वकील बाहेर येईल, बोलेल, आणि फडक्याची घडी होईल, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं.

वकील आला. ओरखड्यावरून नख फिरवलं.

"टूथपेस्टने जातो म्हणतात."

"जातो, हेफे. खोल नसेल तर."

"खोल आहे का?"

"नाही."

"मग बघ," वकील म्हणाला आणि घरात गेला. थोड्या वेळाने वकिलाची बायको टूथपेस्टची नळी खिडकीतून देऊन गेली. चांगली, भरलेली, पुदिन्याची.

क्रिस्पिन गाडीजवळ उकिडवा बसला. आधाराला त्याने एक हात दारावर ठेवला, आणि गाडी त्याच्या हाताखाली केसभर सरकली.

ती बाहेरच्या रांगेत होती. न्यूट्रलवर. हँडब्रेक सोडलेला.

मग फडक्याच्या कोपऱ्यावर पेस्ट घेतली आणि गोल गोल घासू लागला. असं काम घाईने होत नाही. बोटभर जागा घासायची, पुसायची, उजेडात तिरपं बघायचं, मग पुढची बोटभर.

हँडलपर्यंत आला तेव्हा समोरच्या फुटपाथवरून एक माणूस गेला. केस तेल लावून बसवलेले. कोपरात कापूस नव्हता. लॅबच्या दारातून आला होता, पण रक्त देऊन नव्हे. रांगेत आत, वकिलाच्या गाडीच्या थोडं पुढे एक लाल गाडी होती. तिच्या शेजारची बाहेरची जागा नुकतीच रिकामी झालेली. माणूस लाल गाडीशी थांबला, दार उघडलं, आत बसला. किल्ली होती त्याच्याकडे. आजही कुणीतरी आत खुर्चीत बसलं होतं, पर्स मांडीवर ठेवून.

लाल गाडी कुणाची, क्रिस्पिनला ठाऊक नव्हतं. सकाळी एक मुलगी लावून गेली होती, पहिल्यांदाच आलेली.

ओरडलं तर माणूस एका झटक्यात त्या रिकाम्या जागेतून निघून जाईल. न ओरडता उभं राहिलं तर दोन झटक्यांत जाईल. तोमासा कोपऱ्यावर पाठमोरी होती.

क्रिस्पिन उठला. फडका खांद्यावर टाकला. गुडघे दुखत नसल्यासारखा चालत लाल गाडीच्या काचेशी गेला.

"निघायचं का, हेफे? थांबा, जागा करून देतो."

माणसाने वर पाहिलं. त्याने क्रिस्पिनला ओळखलं, आणि त्याला हसू आलं. "हां. लवकर."

"लगेच."

क्रिस्पिन वकिलाच्या गाडीमागे गेला आणि खांदा लावला. करडी गाडी निमूट पुढे सरकली, रिकाम्या जागेत, निम्मी. मग तिच्या मागची व्हॅन, पावाच्या ट्रेंनी जड झालेली. तिला त्याने पाठ लावली, टाचा रोवल्या, आणि ती वकिलाच्या बंपरला टेकेपर्यंत रेटली. तो हाताने खुणा करत होता. होतंय, होतंय, जरा धीर धरा. लाल गाडीचं इंजिन चालू होतं.

पुढून फट उरली होती. तिच्या पलीकडे एर्मिनियाची तपकिरी गाडी. ती दोन हात मागे आली असती तर लाल गाडी पेटीत बंद झाली असती.

क्रिस्पिन तिच्या पुढे जाऊन वाकला आणि बंपरला दोन्ही हात लावले.

त्याला माहीत होतं. तरी त्याने जोर लावला. हात घसरले, परत लावले.

लाल गाडीची काच खाली झाली. "अहो, हे काय चाललंय? उलटं कशाला लावताय?" मग आवाज चढला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "मागच्या वेळी किती छान काढून दिली होतीस, पार्टनर. आज काय बिनसलं?"

तळमजल्याची खिडकी उघडली. वकील खिडकीत उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो शब्द गल्लीत तसाच राहिला, आणि वकिलाचं तोंड दगडासारखं झालं.

"क्रिस्पिन," तो म्हणाला.

क्रिस्पिनने वर पाहिलं नाही. "ब्रेक," तो म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. "दोन्याच्या गाडीचा ब्रेक, वकीलसाहेब."

वकिलाने एकदा करड्या गाडीकडे पाहिलं. ती तिच्या जागेवर नव्हती. व्हॅनही नव्हती. मग त्याला सगळं दिसलं. ज्याचा आवाज कधी चढत नसे तो माणूस वर बघून ओरडला, "एर्मिनिया, किल्ली. किल्ली घेऊन ये खाली."

वरून शिवणयंत्राचा आवाज थांबला.

लाल गाडी मागे गेली, मागच्या गाडीला धडकली, पुढे आली, पुढच्या गाडीला धडकली. कुठेतरी काच फुटली. माणूस चाक वळवून तोंड फटीकडे आणत होता. फट पुरेशी होती. गाडी घासून गेली असती, पण गेली असती.

क्रिस्पिन फटीत जाऊन उभा राहिला. पाठीमागे तपकिरी गाडी, पुढे लाल. त्याने दोन्ही तळवे लाल गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

"बास," तो म्हणाला. "बास, बास."

एर्मिनिया जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, हातात किल्ली. तिने पाहिलं.

लाल गाडी पुढे आली. तपकिरी गाडी मागे सरली नाही.

माणूस दुसऱ्या दाराने उतरून पळाला. तोमासाने उलथणं फेकून मारलं, ते त्याच्या पाठीत लागलं, पण तो थांबला नाही. वकील अनवाणी धावत आला. लाल गाडी मागे ढकलायला चौघे लागले. क्रिस्पिन हळूच खाली बसला, फुटपाथच्या कडेला, रोज बसायचा तसा. तोंड पांढरं पडलं होतं.

"गाडी गेली का?" त्याने विचारलं.

"नाही," वकील म्हणाला. "इथेच आहे."

"कुणाची आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. लॅबच्या दारातून ती मुलगी बाहेर आली, कोपरात कापूस धरून. तिने गर्दी पाहिली, आपल्या गाडीचा फुटलेला दिवा पाहिला. "माझ्या गाडीला काय झालं?" ती म्हणाली. तिचा त्यात दोष नव्हता.

एर्मिनियाने तपकिरी गाडीचं दार उघडलं आणि ब्रेक सोडला. का सोडला, तिलाही सांगता आलं नसतं. मग ती त्याच्याजवळ बसली. ओठांतल्या टाचण्या काढायचं तिला सुचलं नव्हतं, म्हणून तिला बोलता येईना. क्रिस्पिनने तिच्या हातांकडे पाहिलं.

"टाचण्या गिळाल, दोन्या," तो म्हणाला.

रुग्णवाहिका यायला उशीर झाला. गल्लीच्या तोंडाशी दुहेरी रांग होती आणि ती हलवायला कुणी नव्हतं. लोकांनी मिळून ढकलली, पण त्यांना जमेना. एक पुढे रेटायचा, दुसरा मागे.

क्रिस्पिन दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सरकारी दवाखान्यात, बायको शेजारी होती. पोलिसांनी केस लिहून घेतली. लाल गाडी विम्यातून दुरुस्त झाली.

वकिलाची करडी गाडी त्याने ढकलून ठेवली होती तिथेच उभी आहे. वकील ऑफिसला बसने जातो. धूळ बसली आहे, कबुतरांनी टप घाण केला आहे, तरी कुणी पुसायला हात लावत नाही. ओरखडा मागच्या दारापासून सुरू होतो. तिथे आता उजेडात तिरपं बघितलं तरच दिसतो. हँडलपाशी टूथपेस्ट वाळून पांढरी झाली आहे, तिच्यात बोटाची गोल फिरलेली खूण आहे. हँडलच्या पुढे, पुढच्या दाराच्या टोकापर्यंत, ओरखडा जसाच्या तसा आहे.